दारावरची फुली

चाकणला बघण्यासारखं काय आहे, असं गावात सगळ्यांनी विचारलं. एक जुना भुईकोट किल्ला आहे म्हणतात, तो मी पाहिला नाही. मी पाहिली खोल्यांची एक गल्ली. लोक देवदर्शनाचं लिहितात, डोंगराचं लिहितात, मी त्या गल्लीचं लिहिते. तिथे जाण्याचं तुम्हाला काही कारण नाही. मलाही नव्हतं. माझ्या मुलीच्या मुलीच्या मुलीचं जावळ काढायचं होतं, आणि मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिच्या जागी मी गेले. आमच्या घरात माझे गुडघे सर्वांत बरे.

नाशिक फाटा ते चाकण

लातूरहून बस निघाली ती सकाळी पिंपरीच्या अलीकडे नाशिक फाट्याला पोचली. नातजावई बालाजी घ्यायला आला होता. तो मोटारीचे भाग रंगवणाऱ्या कंपनीत रात्रपाळी करतो. रात्रपाळी संपवून तसाच आलेला, डोळे लाल, अंगाला थिनरचा वास. माझ्या पिशवीत ज्वारीचं पीठ, धपाटे आणि कारळ्याची चटणी. पिशवी उचलून तो म्हणाला, "आजी, दगडं आणली का काय?"

"खाशील तेव्हा कळेल."

फाट्यावर वडापाव खाल्ला. मिरची तिखट नव्हती. मग भोसरी, मोशी करत बस निघाली. मोशीच्या पुढे नदी लागते. बालाजी म्हणाला ही इंद्रायणी. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता, कपडे धुतल्यावर मोरीत राहतो तसा. हात जोडावेत की नाही, कळेना. जोडले.

त्याच्यापुढे भिंती सुरू झाल्या. एक कंपनी संपली की दुसरी. भिंत, तारेचं कुंपण, मोठं फाटक, फाटकात एक वॉचमन. एवढ्या भिंतींआड माणसं किती असतील, पण बाहेर एक दिसत नाही. एका मोकळ्या रानात नव्या कोऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येक गाडी पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेली. तिरडीवर बांधतात तसं मला वाटलं. बालाजीला तसं म्हटलं, तर तो झोपला होता.

दुपार

चाकणच्या आत, कंपन्यांच्या मागच्या बाजूला एक जुनं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी शेतात पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. समोरासमोर दोन रांगा, मध्ये गल्ली, तोंडाला एक नळ. शीतल, म्हणजे माझी नात, दारात उभी होती. मी लांबूनच "शीतल गं!" म्हणून हाक मारली, तर ती धावत आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आज्जी, हळू बोल. माणसं झोपल्यात."

सूर्य डोक्यावर येत होता. गल्लीतले बहुतेक पुरुष रात्रपाळीचे, सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत झोपतात. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले. पत्र्याच्या खोलीला भिंत कसली, शेजारी कूस बदलली तरी ऐकू येतं. म्हणून दिवसा सगळी गल्ली गप्प. कुकरची शिट्टी कुणी होऊ देत नाही, डाळ पातेल्यात शिजवतात. भांडी नळावर नेऊन घासतात, तीही फडक्यावर ठेवून. बायका एकमेकींशी हातांनी बोलतात. मीठ पाहिजे, पाणी आलं, दळण टाकलं, सगळ्याला खुणा. आमच्याकडे दुपारी गल्लीत भांडणं ऐकू येतात. इथे दहा दारांपुढे दहा बायका बसलेल्या आणि आवाज नाही. फक्त जमिनीतून येणारी घरघर. कुठल्यातरी कंपनीतलं पत्रा ठोकणारं प्रेस धप्प करून पडलं की मांडणीतल्या वाट्या किंचित हलायच्या.

परी, माझी पणती, दहा महिन्यांची. पायात वाळे, पण घुंगरांत कापूस भरलेला. ती रांगताना उंबऱ्यावर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. मी उचलायला धावले. तिने तोंड मोठं उघडलं, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आवाज आला नाही. तिने झोपलेल्या बापाकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

मी सहा लेकरं वाढवली. असं रडणं मी पाहिलं नव्हतं.

"ही मुकी आहे का गं?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. शहाणी आहे," शीतल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. हळू, बोटाने. मी उठायला लागले तर शीतलने माझा हात धरला, ओठावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने परीचं तोंड दाबलं. गल्लीतल्या सगळ्या बायका कधी आत गेल्या, मला कळलं नाही. पुन्हा दार वाजलं. मग थोडा वेळ काही नाही. मग दारावर बाहेरून काहीतरी घासलं. एकदा. पुन्हा एकदा. पत्र्यावर नख ओढल्यासारखं. नंतर चपला लांब गेल्या.

शीतल ओलं फडकं घेऊन बाहेर गेली. मी मागे. दारावर खडूने फुली काढलेली होती. तिने ती पुसली, कमरेची पिशवी उघडून खडूचा तुकडा काढला आणि त्याच जागी बरोबरची खूण केली, शाळेत मास्तर वहीवर करतात तशी.

"हे काय करायलीस?"

"तू आत चल."

मी आत गेले नाही. मी गल्ली बघितली. प्रत्येक दारावर तीच टिक होती, डावीकडून वाकडी होऊन वर गेलेली. सगळ्या एका हाताच्या वाटत होत्या. फक्त शेवटच्या खोलीला कुलूप होतं आणि त्या दारावर फुली होती. तिच्यासमोरून जाताना बायका पदर सारखा करून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने जायच्या.

चऱ्होली

शीतलने मला काही सांगितलं नाही. सांगितलं ते घरमालकिणीने, आणि तेही तिच्या गावात नाही.

कमलकाकू माझ्याच वयाची, नाकात नथीचं भोक मोठं झालेलं, बोलणं खणखणीत. तिच्या लेकीने चऱ्होलीला फ्लॅट घेतला आहे. हळदीकुंकवाला निघाली तर मला म्हणाली, "लातूरच्या बाई, चला. त्या पत्र्यात बसून काय करताय?" मुलाच्या गाडीतून गेलो. चऱ्होलीही गावच होतं म्हणे. आता इमारती उगवल्या आहेत. अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली बघितलं तर चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये कांद्याचं एक शेत राहिलेलं. शेतात एक बाई खुरपत होती, वरून मुंगीएवढी. लिफ्टमध्ये लसीकरणाचा रंगीत कागद चिकटवलेला, त्यावर हसरं गोरं बाळ. इथे सगळे मोठ्याने बोलत होते, पोरं किंचाळत होती. मला बरं वाटलं.

जेवायला मासवडी केली होती. नाव मासवडी, पण मासे नाहीत. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण, वर काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या ज्वारीच्या भाकरीची सर तिला नाही, पण रस्सा असा की मी दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर गॅलरीत मी विचारलं, "ती शेवटची खोली बंद का?"

"हितं सांगते, तिकडं इचारू नका," कमलकाकू म्हणाली. "त्या रूममधी परभणीकडचं जोडपं व्हतं. पोरगं दोन-अडीच वर्साचं. दुपारी दवाखान्यावाल्या आल्या सुया द्यायला. दार कोन उघडतंय? बाप झोपल्याला. फुली मारून गेल्या. आठ दिस झाले न्हाईत तर पोराला ताप, अंगभर लाल पुरळ, वर खोकला. दवाखान्यात न्हेलं. न्हाई ऱ्हायलं."

"मग?"

"मग त्याच आळीत दुसऱ्या फुलीच्या घरात बी ताप निघाला. ते वाचलं. पर बायका म्हनल्या, फुली पोरं मोजतीय. आधी पुसायच्या. पुसलं की त्या दवाखान्यावाल्या परत येयाच्या, परत मारायच्या. मग त्याच आळीतल्या सविताला सुचलं. दुसऱ्या गल्लीत टिक बघितली व्हती तिनं. टिक असली की कुनी दार वाजवत न्हाई. आता सगळ्यांच्या दारावर तीच काढून देती. तुमची नात नव्या रंगवलेल्या खोलीत ऱ्हायला आली, दारावर टिक नव्हती, म्हनून तिच्याकडं आल्या आसतील."

"शेवटच्या दारावरची का पुसत नाही?"

"हात कुनी लावायचा?"

"तुम्ही. मालकीण तुम्ही."

"मालकीन आसले म्हनून काय झालं? मला बी नातवंडं हायती." ती खालच्या शेताकडे बघत होती. "भाडेकरू येतो, दार बघतो, जातो."

"फुली मारली म्हणून पोर गेलं, की दार उघडलं नाही म्हणून?"

कमलकाकूने माझ्याकडे बघितलं. "ह्ये त्या आईला इचारता का तुमी?"

ती बरोबर बोलली होती.

आमच्याकडेही दारावर खुणा करतात. सून आली की हळदीचे पंजे, दिवाळीत कुंकवाचं स्वस्तिक. बाळाच्या पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, ते कुणाला दिसत नाही, म्हणून माणूस त्याच्याबरोबर जगतो. दारावरची फुली रोज येता-जाता दिसते. येताना गाडीत मी हाच विचार करत होते.

मार्कर

जावळाचा दिवस ठरायच्या आधीच, त्या आठवड्यात सविताचाच मुलगा ओम आजारी पडला. चार वर्षांचा. ताप, डोळे लाल, मग कानामागून पुरळ. सविताने दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या आणि ती दारातून हलेना. तिच्या दारावर टिक होती. तरी गोवर आलाच कसा, हे गल्लीला कळेना. बायकांनी जवळ जाऊन बघितलं. टिक पुसट झाली होती. मग ठरलं की म्हणूनच. भर दुपारी सगळ्या आपापल्या दारांपुढे उभ्या राहिल्या आणि एकही शब्द न बोलता टिका पुन्हा गिरवायला लागल्या. खडूचा आवाज एवढाच.

शीतलला मी म्हटलं, "माझ्या आईची दोन लेकरं गोवराने गेली. तेव्हा आमच्या दारावर कुणी काही लिहीत नव्हतं."

ती म्हणाली, "आज्जी, तू चार दिवस आलीस. मला इथं राहायचंय."

सविताने ओमला खाजगी डॉक्टरला दाखवलं होतं. त्याने वर कळवलं असेल, कारण दोन दिवसांनी दुपारी पुन्हा दार वाजलं. या वेळी हळू नाही. बाई आवाज देत होती, "घरात कोण आहे? दार उघडा, लहान बाळ आहे ना इथे?" बालाजी झोपेत कण्हला. शीतलने परीला पोटाशी असं धरलं की मला वाटलं गुदमरेल. मी कडीला हात घालणार तर तिने माझं मनगट पिरगळलं. माझं! मग बाहेर तोच घासल्याचा आवाज. पण यावेळी खडूचा नव्हता. ओला होता, चूं असा.

शीतल फडकं घेऊन गेली. काळ्या मार्करची फुली. तिने पुसली, निघेना. साबण लावला, राख लावली, तारेच्या घासणीने दाराचा रंग खरवडला. फुली तशीच. तिचा चेहरा मातीसारखा झाला. समोरच्या दारांमधून बायका बघत होत्या. एकीनेही खूण केली नाही. एकेक दार आतून बंद झालं.

मी चपला घातल्या आणि निघाले.

गल्लीबाहेर विजेच्या डीपीपाशी एक मुलगी स्कूटीला किक मारत होती. सरकारी दवाखान्याची सिस्टर. खांद्यावर बर्फाचा निळा डबा, तोंडाला ओढणी, पंचविशीची असेल.

"थांब गं," मी म्हटलं. "ती फुली म्हणजे काय?"

"आजी, कोणत्या घरातल्या तुम्ही?"

"फुलीच्या. आधी सांग, म्हणजे काय?"

"म्हणजे घर बंद मिळालं. बाळ राहिलंय. आम्हाला परत यायचंय."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काय असणार?"

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

ती जरा गोंधळली. "ती आमच्यासाठी असते. आमच्या लोकांना कळावं म्हणून."

"दार त्यांचं आहे."

तिने स्कूटी स्टँडवर लावली. म्हणाली, "पण या गल्लीत तर सगळं पूर्ण आहे. तुमचं एकच राहिलंय. तेही चमत्कारिक. मागच्या वेळी मी स्वतः फुली मारली होती आणि आज बघते तर टिक."

"चल," मी म्हटलं. "बघ तरी."

ती माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना बंद दारं, सगळ्यांवर तीच डावीकडे वाकडी टिक. ती एक एक दार बघत गेली. कुठल्याच टिकेखाली तारीख नव्हती, सही नव्हती. त्यांच्या खऱ्या खुणेखाली असते म्हणे. मध्यावर पोचेपर्यंत तिचा चालण्याचा वेग कमी झाला. मग ती उभीच राहिली.

"आजी," ती अगदी हळू बोलली, "यांतल्या कुठल्याच घरात आम्ही गेलेलो नाही?"

"नाही."

"सगळी मुलं राहिलीत?"

"आता तू मोठ्याने बोलू नकोस. माणसं झोपल्यात."

नळाजवळ

मला वाटलं आता ती भाषण करेल, किंवा साहेबाला घेऊन येईल. ती तशी नव्हती. आधी ओमला बघितलं. त्याचा श्वास भरभर चालला होता. स्वतः फोन करून तिने गाडी मागवली आणि सविताला त्याच्यासकट दवाखान्यात पाठवलं. मग मला विचारलं, "गल्ली कधी जागी असते?"

"दिवस मावळायच्या आधी. पुरुष उठून अंघोळी करतात तेव्हा."

ती त्याच दिवशी संध्याकाळी परत आली, डब्याशिवाय. नळाच्या ओट्यावर बसली. पहिल्यांदा कुणी जवळ गेलं नाही. मी गेले, माझ्यामागून कमलकाकू हंडा घेऊन आली. पाणी भरायला बायकांना यावंच लागलं.

"मी टोचायला आले नाही," सिस्टर म्हणाली. "शिव्या खायला आलेय. द्या."

एकजण म्हणाली, "शिव्या कशाला? तुम्ही सरकारी माणसं."

कमलकाकू म्हणाली, "आगं, घेती म्हनतीय तर दे की. एरवी मला तर भाड्यावरनं रोज देता."

कुणीतरी हसलं. तिथून सुरू झालं. दुपारी येऊ नका. आल्या तर दार वाजवू नका, फोन करा. दारावर लिहू नका, आमच्या घरावर तुम्ही कोण लिहिणार? दोघीचौघी एकदम बोलायला लागल्या. मग तिने फुलीचा अर्थ सांगितला. एकीने विचारलं, "परत येणार म्हणून फुली? मग शेवटच्या खोलीत परत का नाही आलात?"

सिस्टर खोटं बोलली नाही. "आलो. उशिरा आलो," म्हणाली. "तोवर कुलूप होतं."

मग सावळी, उंच अशी एक बाई बोलली. तिला जुळी पोरं. "बाई, तुमच्या कागदावर बाळ हसतंय. आमची तर टोचल्यावर बोंब मारतात. दोन दिवस ताप, रडणं. आमचा माणूस रात्री मशिनीवर उभा राहतो, दिवसा झोप नाही झाली तर बोटं जातील त्याची. रडणारं बाळ छापा की एकदा. मग आम्ही बघतो कसं करायचं ते."

"मग कसं करायचं?" सिस्टरने विचारलं. खरंच विचारलं, तोंडदेखलं नाही.

"गुरुवारी कंपनीला सुट्टी, बुधवारची रात्रपाळी नसते," शीतल म्हणाली. ती इतका वेळ मागे उभी होती. "बुधवारी संध्याकाळी टोचलं तर गुरुवारी बाप घरी जागा असतो. रडलं तर रडलं."

एवढी साधी गोष्ट. ती कुणी विचारली नव्हती, म्हणून कुणी सांगितली नव्हती. सिस्टर म्हणाली, "वर विचारावं लागेल, पण बुधवारी मी येते."

तेव्हा जुळ्यांची आई शीतलकडे वळून म्हणाली, "तुझ्या दारावर फुली आहे. तुझी पोरगी आधी. मग आम्ही बघू."

बाकीच्यांनी माना हलवल्या. वाईटपणाने नाही. पण हलवल्या.

बुधवार, गुरुवार

कमलकाकूच्या अंगणात टेबल मांडलं. आम्ही दारातच अडलो. शीतल परीला घेऊन उंबऱ्याच्या आत उभी.

"आधी फुली काढा, मग टोचा," ती म्हणाली.

सिस्टर म्हणाली, "ताई, आमची पद्धत उलटी आहे. बाळाला लस दिल्यावर खूण बदलायची."

"तिच्याखालून मी पोरीला बाहेर आणणार नाही."

सिस्टरबरोबर आलेल्या दुसऱ्या बाईने घड्याळ बघितलं. बायका आपापल्या दारांतून बघत होत्या. बालाजी नुकता अंघोळ करून आला होता. मी मध्ये पडले नाही. माझी पणती असली तरी लेकरू शीतलचं होतं.

सिस्टरने बालाजीला विचारलं, "तुम्ही रंगाच्या कामात ना? थिनर आहे?"

त्याने बाटली आणून दिली. तिने स्वतःच्या रुमालावर थिनर ओतला आणि फुली पुसली. काळं ओघळलं, तिच्या हाताला लागलं, दाराचा निळा रंगही निघाला. खालचा पत्रा उघडा पडेपर्यंत ती पुसत राहिली. मग बाजूला झाली. शीतल परीला घेऊन बाहेर आली. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती देव जाणे.

टोचण्याआधी सिस्टरने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मागचं राहिलेलं धरून दोन सुया आहेत. एकीने उद्या ताप येईल, मांडी सुजेल. दुसरी गोवराची. तिचा ताप आला तर आठवड्याने येईल, थोडं पुरळ उठेल, आपोआप जाईल. घाबरू नका. दूध घेईना, झटके आले, निपचित पडली, तर लगेच मला फोन करा. नंबर या भिंतीवर नाही, तुमच्या फोनमध्ये टाका."

पहिली सुई मांडीत गेली. परीने तोंड उघडलं, आणि या वेळी आवाज आला. असा आला की कमलकाकूच्या कोंबड्या उडाल्या. परी बापाकडे बघत होती आणि रडत होती, बापाकडे बघत होती आणि रडत होती.

बालाजी म्हणाला, "हिचा आवाज एवढा मोठा आहे?"

त्या संध्याकाळी टेबलापाशी दुसरं कुणीही आलं नाही. सिस्टरने डबा बंद केला. जाताना शेवटच्या खोलीकडे तिने एकदा बघितलं. ती फुली पुस असं कुणी म्हटलं नाही आणि तिनेही हात लावला नाही. मी निघेपर्यंत ती तिथेच होती.

गुरुवारी सकाळी परीला ताप भरला. सिस्टरने सांगितलं होतं, तरी भरला तेव्हा शीतल पुन्हा पुन्हा तिच्या कपाळाला हात लावायला लागली. औषधाचे थेंब दिले, ओलं फडकं ठेवलं. सुट्टीचा दिवस, पुरुष जागे, कुणाचा टीव्ही, कुणाची गाडी धुणं. पण बायका कामं सोडून आपापल्या दारांत बसल्या होत्या आणि सगळ्या आमच्या दाराकडे बघत होत्या. कुणी आत आलं नाही, कुणी विचारलं नाही. मी पाणी आणायला गेले तर माझ्या चेहऱ्याकडे बघत, चेहऱ्यावर काय लिहिलंय ते वाचत. दुपारी ताप आणखी चढला. परीने दूध ओढलं, थोडंच. शीतलने फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मग लावला. सिस्टरने पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. शीतल म्हणत होती, "हो, ओढतेय. हो, डोळे उघडून बघतेय. हो, रडतेय." प्रत्येक वेळी 'हो' म्हणताना तिचा आवाज थोडा सरळ होत गेला.

मी दारात बसून राहिले. मला देवाचं काही आठवलं नाही. आईची ती दोन लेकरं आठवली. त्यांची नावंही आता मलाच माहीत आहेत.

उन्हं कलली तशी परीच्या मानेला घाम आला. मी हात लावला, गार. तिने माझ्या हातातली भाकरी ओढली आणि चिखल केला. शीतलने तिला कडेवर घेतलं, तशीच घामेजलेली, आणि गल्लीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

पहिल्यांदा समोरची बाई उठली. आली, परीच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली आणि बाजूला झाली. मग दुसरी. मग तिसरी. कुणी गळा बघितला, कुणी मांडीवरची सूज दाबली, तेव्हा परी ओरडली. ओम दवाखान्यातच होता. सविता डबा न्यायला आलेली, तीही थांबली आणि तिनेही हात लावला. सगळ्यांत शेवटी जुळ्यांची आई आली. तिने हात बराच वेळ तसाच ठेवला.

मग शीतलला विचारलं, "ती बाई पुढच्या बुधवारी किती वाजता येते म्हणाली?"